कागदी कोंबड्याची उजवी तंगडी

बोटीवरचा खलाशी सुट्टीत घरी येताना काय आणतो, याचे तारकर्लीच्या अलीकडच्या त्या वाडीत अंदाज ठरलेले होते. घड्याळ, नायलॉनची साडी, वासाचा साबण, आणि ज्याची मजल मोठी त्याचा रेडिओ. अठ्ठावन्न साली शिमगा आटोपल्यावर गुरुदास आला, तो ट्रंकभर कागद घेऊन.

मथुरेने ट्रंक उघडली. वरचे ताव बाजूला केले, खाली ताव निघाले. तेही बाजूला केले, त्यांच्याखाली ताव. हात तळाला लागल्यावर तिने ट्रंक पूर्वीसारखी बंद केली.

"कागद," ती म्हणाली.

"जपानचो आसा," गुरुदास म्हणाला.

"आमच्या वाण्याकडे फुकट गावता. आत गूळ बांधून देता तो."

वाण्याच्या कागदाला सोनेरी लाटा नसतात, लाल-काळी वेलबुट्टी नसते, हात फिरवला तर रेशमाचा भास होत नाही, हे सगळं गुरुदासच्या मनात आलं. पण अकरा महिन्यांनी घरी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी वाद घालू नये, म्हणून त्याने ट्रंक उचलून पडवीत नेली.

त्याचं झालं होतं असं, की कोबे बंदरात त्यांच्या बोटीचं इंजिन बसलं आणि ते उठेपर्यंत खलाशांना काहीच काम नव्हतं. गोदीच्या दारावर एक म्हातारा राखणदार दिवसभर कागदाच्या घड्या घालत बसायचा. गुरुदास त्याच्याजवळ जाऊन बसला. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, गुरुदासला जपानी. त्यामुळे दोघांत मतभेद म्हणून कधी झाला नाही आणि गुरुदास भराभर शिकला. चौकोनी ताव, कात्री नाही, खळ नाही. नुसत्या घड्या घालून बेडूक, खेकडा, मासा, बगळा. पाठीवर बोट दाबलं की बेडूक उडी मारायचा. खेकडा उडी मारत नसे, पण खेकडा असल्याने त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

आता तो पडवीत बसून हेच करू लागला. वाडी बघायला आली. शेजारच्या काशीबाईने कागदाची सुरमई उचलली, तिचा कल्ला बोटाने वर केला, वास घेतला आणि खाली ठेवली.

"ताजी नाय," ती म्हणाली.

मग तिची नजर एका गोळ्याकडे गेली. लहान लहान घड्यांची पुष्कळ पानं एकमेकांत अडकवून गुरुदासने तो केला होता. सगळीकडून टोकं आणि सगळी टोकं सारखी.

"ह्यो कोण?"

"ह्यो कोण नाय गो काशीबाय. ह्यो आकार."

"कोणाचो?"

"कोणाचोच नाय. नुसतो आकार."

"आवशी गो," काशीबाई म्हणाली, आणि अनाथ पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा तिने त्या गोळ्यावरून हात फिरवला.

एवढ्यावर सगळं राहिलं असतं, पण त्या वर्षी राखण गुरुदासच्या घराकडे आली.

वाडीचा एक राखणदार आहे. माडाच्या बागेपलीकडे वडाखाली त्याचा पाषाण आहे. तो वाडी राखतो, आणि त्याबद्दल वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, त्याला कोंबडा द्यायचा. दर वर्षी वेगळं घर. कोंबडा विकतचा चालत नाही, घरचाच हवा. आणि गुरुदासच्या घरी कोंबडा एकच होता. त्याचं नाव कप्तान.

हे नाव मथुरेनेच ठेवलं होतं. बोटीवर गुरुदासच्या डोक्यावर एक कप्तान होता, तर घरात एक असायला तिची हरकत नव्हती. नवरा समुद्रावर असताना अकरा महिने तिला सोबत होती ती याचीच. तिच्या मागोमाग तो विहिरीवर जायचा, ती जेवताना समोर गुरुदासच्या पाटावर बसायचा. गुरुदास आला तेव्हा त्याने पाट सोडला खरा, पण थोडे दिवस वापरायला दिल्यासारखा.

दाजी गावकर सांगायला आले तेव्हा मथुरा दाराआडून ऐकत होती. दाजी म्हणजे वाडीचे पहिले मानकरी. राखणदारासमोर गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच.

"गुरुदासा, औंदा राखण तुमची. आयतवारी." मग अंगणातल्या कप्तानाकडे बघून म्हणाले, "बरो पोसलो हा."

दाजी गेल्यावर मथुरा बाहेर आली.

"तेच्या मानेक सुरी लागली, काय मी दोडामार्गाक गेलंय म्हणान समजा." दोडामार्गला तिचं माहेर.

"अगो, कोंब्यासाठी कोण घर सोडता?"

"कोंब्यासाठी नाय. तुमी बुधवारी आगबोटीक बसतल्यात. मगे ह्या घरात रवता कोण? कप्तान नाय तर मी पण नाय."

गुरुदासने विचार केला. बुधवारी मालवणहून सुटणारी आगबोट पावसाआधीची शेवटची. ती गाठून मुंबई, मुंबईहून पुन्हा मोठी बोट. एस. टी.ने जायची सोय होती, पण सात समुद्रांवर ज्याच्या पोटातलं पाणी हललं नाही, त्या गुरुदासला फोंड्याच्या घाटात मात्र खिडकीतून डोकं आत घेता येत नसे. म्हणजे बुधवारी जायचंच. आणि परत येईल तेव्हा दार उघडायला कोणी असावं असं त्याला फार वाटत होतं.

संध्याकाळी त्याने ट्रंकेतला सगळ्यात देखणा ताव काढला, तांबडा, सोनेरी लाटांचा, आणि घड्या घालायला बसला. तुरा, चोच, वर उचललेली शेपूट, खाली दोन तंगड्या. कप्तान पुढ्यात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता.

कोंबडा घेऊन गुरुदास दाजींकडे गेला. दाजींनी तो उजेडात धरून फिरवून बघितला.

"घरचो आसा?"

"घरातच केलेलो. पडवीत."

"पूर्वी असो कोणी दिलो नाय."

"पूर्वी कोणी देवक गेलो आणि नको म्हटल्यानी, असा झाला हा, दाजीनू?"

दाजींनी आपल्या आणि वडिलांच्या आठवणीत शोधलं. "तसा पण झाला नाय."

"मगे?"

"मगे आपण कोण ठरवणारे? तेकाच इचारूया."

रविवारी सगळी वाडी वडाखाली जमली. दाजींनी ओल्या पाषाणावर फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग ते हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले.

"बा राखणदारा महाराजा, तुझो लेकरू गुरुदास वर्षाची राखण घेवन तुझ्या दारात उभो आसा."

"व्हय महाराजा," वाडी म्हणाली.

"आता ह्यो कोंबो कागदाचो आसा, ही गोष्ट आमी तुझ्यापासून लपवूक नाय."

"व्हय महाराजा."

"तेका रगत नाय, पीस नाय, आवाज नाय. पण तुरो आसा, तो तू बघ. आणि..."

इथे उजवी पाकळी पडली. कौल एवढ्या घाईने कधीच मिळाला नव्हता. दाजींनी तरी उरलेलं गाऱ्हाणं पूर्ण म्हटलं, कारण अर्धवट गाऱ्हाणं टाकून देणं बरं नव्हे. मग त्यांनी सुरी कागदाच्या मानेला टेकवली. कोंबडा काही बोलला नाही. म्हणजे राखण पावली.

मथुरेने पदराने तोंड पुसलं. गुरुदासकडे तिने त्या क्षणी ज्या नजरेने बघितलं, तसं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. त्याला वाटलं, जमलं.

"बरा," भिकाजी म्हणाला. "आता वाटणी."

राखणीच्या कोंबड्याची वाटणी पिढ्यान् पिढ्या ठरलेली. डोकं दाजींच्या घरी. डावी तंगडी देवाचं बघणाऱ्या घाड्याच्या घरी. उजवी तंगडी भिकाजीकडे. बाकीचं तिथेच शिजवून, वड्यांबरोबर सगळ्यांना. या भिकाजीला वाडीत दुसरा कसलाच मान नव्हता. पालखीला त्याचा खांदा नाही, होळीच्या माडाला त्याचा हात नाही. वर्षातून एकदा उजवी तंगडी, एवढ्याच आधारावर त्याचं घराणं उभं होतं.

"आधी साफ करूक होयो," चुलीजवळून कोणीतरी म्हणालं.

कोंबडा साफ करायचा म्हणजे उलगडायचा, हे ओघाने आलं. गुरुदासने एकेक घडी सोडली. शेवटची घडी सुटली तेव्हा दाजींच्या पुढ्यात एक चौकोनी कागद होता.

भिकाजीने कागद बघितला. मग खालची जमीन बघितली. मग गुरुदासच्या खिशाकडे बघितलं.

"माझी तंगडी खंय गेली?"

"ह्या कागदातच आसा."

"दाखव."

"दाखवूक येवची नाय. घडी घातली काय तंगडी, सोडली काय नाय."

"म्हणजे आसा काय नाय?"

"आसा. पण अशी नाय."

"मेल्या, अकरा महिने बोटीर राहून ह्याच शिकलंस?"

गुरुदासने पुन्हा घड्या घातल्या. तंगडी आली. भिकाजीने ती दोन बोटांत घट्ट धरली आणि म्हणाला, आता उलगड. गुरुदासने उलगडलं. भिकाजीच्या बोटांत कागदाचा एक कोपरा उरला.

"ही तंगडी नव्हे," कोपऱ्याकडे बघून भिकाजी म्हणाला. "मी तंगडी वळखतंय. मी जलमभर खातंय."

दाजींनी मार्ग काढला. कोंबडा पुन्हा घालायचा, उजव्या तंगडीतून दाभण आरपार काढायचं, डोक्यातूनही काढायचं, आणि मग उलगडून भोकं कुठे पडली ते बघायचं. जिथे ज्याची भोकं, तिथला तुकडा त्याचा. सगळ्यांना हे पटलं. केलं. उलगडून बघतात तर भिकाजीच्या तंगडीची भोकं कागदाच्या चारी दिशांना, आणि त्यातलं एक थेट दाजींच्या डोक्याच्या दोन भोकांच्या मधोमध.

याचा अर्थ उघड होता. एकतर भिकाजीचं घराणं इतकी वर्षं दाजींचं डोकं खात होतं, नाहीतर दाजींचं घराणं भिकाजीची तंगडी.

"आमी कोणाची तंगडी कधी खाल्ली नाय," दाजी म्हणाले.

"डोक्याचा माका सांगू नकात," भिकाजी म्हणाला.

त्या दिवशी वडे नुसतेच खाल्ले गेले.

सोमवारी सकाळी सगळे मानकरी गुरुदासच्या पडवीत हजर. कारण कोंबडा घालायला येत होता तो एकट्या गुरुदासला, आणि वाटणी होईपर्यंत तो घालावा लागणार होता. त्याने घातला, सोडला, घातला, सोडला. भिकाजीने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खाली झोपून बघितलं. घाड्याने शंका काढली की कोंबड्याची उजवी म्हणजे कोंबड्याची की बघणाऱ्याची, आणि दुपारची जेवणं होईपर्यंत तिच्यावर बोलणं झालं. भिकाजीने स्वतः एक ताव घेऊन घड्या घालून पाहिल्या. काशीबाईने त्याचा कोंबडा हातात घेतला.

"ही घूस आसा," ती म्हणाली. "पण बरी झाली हा."

मंगळवारी घड्यांवर कागद विरू लागला. तेवढ्यात कप्तान अंगणातून चालत गेला. दोन तंगड्यांवर. एक उजवी, एक डावी, आणि कुठली कुणाची याबद्दल कुणाच्याच मनात संशय नाही.

सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या.

"माका काय वाटता," भिकाजी हळूच म्हणाला, "कागद ऱ्हवांदे. होच कापूया. वाटणी सरळ."

मानकऱ्यांच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव आला. आत मथुरेने काहीतरी उचललं. गुरुदासने वळून बघितलं. काखेत गाठोडं घेऊन ती दारात उभी होती. नुसती उभी होती.

गुरुदास उठून उभा राहिला. बोलायचं काय ते त्याला ठाऊक नव्हतं. ते बोलता बोलता ठाऊक झालं.

"दाजीनू, कापा. पण एक सांगतंय. एक कोंबो राखणदारान घेतलो हा. कौल तुमीच लावलात. आता हो दुसरो. म्हणजे औंदा राखणीक दोन कोंबे गेले."

"गेले तर गेले," भिकाजी म्हणाला.

"आणि आपल्या वाडीत एकदा केला ता मोडूक येता?"

दाजी दचकले. येत नाही. एका वर्षी पालखी चुकून विहिरीला वळसा घालून गेली, तर तेव्हापासून दर वर्षी विहिरीला वळसा घालूनच जाते.

"फुडल्या वर्षी राखण कोणाची?" गुरुदासने विचारलं.

"माझी," काशीबाई म्हणाली, आणि मग तिला उमगलं. "मी दोन कोंबे देवचंय नाय. एक सांगलेलो आसा, एकच देतलंय. भिकाजी, तुझ्या तंगडीसाठी मी घर मोकळा करू?"

ज्याच्या त्याच्या तोंडावर आपापल्या घराची पाळी दिसू लागली. कोणी म्हणालं, आमच्याकडे नुसत्या तलंगा आहेत, कोंबडा एकही नाही. खुद्द भिकाजीच्या घराची पाळी काशीबाईच्या मागोमाग होती. त्याने अंगणाकडे पाठ केली.

"कप्तान कापूचो नाय," दाजींनी निवाडा दिला. "वाटणी कागदाचीच."

मथुरा गाठोडं घेऊन आत गेली. पण दाजींचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"आता तुझा, गुरुदासा. तू उद्या बोटीक जातंस?"

"जावक होया."

"तू गेलंस काय मागे उरता काय? घडी घालणारो नाय, म्हणजे कोंबो नाय. नुसतो कागद. कागदाची राखण कोणी ऐकूक नाय. मगे कप्तान दुसरो कसो? तो पयलोच. आणि पयलो कापूक काशीबायची हरकत नाय."

"माझी काय एक हरकत नाय," काशीबाई म्हणाली.

गुरुदासने या बोलण्यात कुठे फट सापडते का ते बघितलं. दाजींनी ती ठेवलेली नव्हती.

बुधवारी सकाळी त्याने ट्रंक बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मथुरा अंगण सारवत होती. गाठोडं दाराच्या मागे होतं, बांधलेलंच. मानकरी आले, पडवीत बसले, आणि दाजींनी कागद पुढे केला. मालवणला निघायची वेळ आली आणि टळली. गुरुदासने चौकोन समोर घेतला आणि पहिली घडी घातली.

दुपारी आगबोटीचा भोंगा झाला. माडांच्या मधून ती दिसतही होती, उत्तरेला तोंड केलेली, छोटीशी, कोणीतरी ताव घेऊन दोन मिनिटांत करावी तशी. गुरुदास ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. कोंबडा त्याच्या पुढ्यात उलगडलेलाच पडला होता.

तेवढ्यात कप्तान अंगणातून आला. मथुरेने सारवलेलं शेण दारापाशी अजून ओलं होतं. त्याच्यातून तो पाय बुडवत आला, पडवीवर चढला, मानकऱ्यांच्या मधून मान वर करून गेला, आणि कागदावरून चालत पलीकडे जाता जाता थांबला. कागदावर एक सोनेरी लाट होती. तिला त्याने एकदा चोच मारली. मग निघून गेला.

भिकाजी पुढे वाकला.

कागदावर कोंबड्याचे दोन पाय उमटले होते. शेणाचे, तीन बोटं पुढे, एक मागे, स्वच्छ. एक डावा. एक उजवा. आणि वरच्या अंगाला चोचीचं नवं भोक.

"ही," भिकाजी म्हणाला. त्याने उजव्या ठशाजवळ बोट टेकवलं. "ही माझी तंगडी."

दाजींनी चोचीच्या भोकात करंगळी घालून बघितली. "आणि ह्या आमचा डोक्या. एकमेकाक लागूक पण नाय."

घाड्याला डाव्या पायाबद्दल शंका काढायची होती, पण ती निघेना. अडकित्त्याने तुकडे केले गेले. वाटणी झाली. राखण पुरी झाली. उरलेला कागद काशीबाईच्या मोठ्या टोपात, वाटलेल्या खोबऱ्यात शिजला आणि सगळ्यांनी वड्यांबरोबर खाल्ला. भिकाजीने आपला तुकडा घरी नेऊन वेगळा शिजवला. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर म्हणाला, "जरा वातड आसा. पण ह्या वयाच्या कोंब्याची तंगडी वातडच असता."

त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, गुरुदास पडवीत एकटाच बसला. पुढची आगबोट आता नारळी पौर्णिमेनंतर. फोंड्याचा घाट त्याने मनातल्या मनात चढून बघितला आणि अर्ध्यातून उतरला.

मथुरा बाहेर आली. दारामागचं गाठोडं तिने उचललं, गाठ सोडली, आतली लुगडी दांडीवर टाकली. मग त्याच्याकडे बघत राहिली.

"बोट गेली," गुरुदास म्हणाला.

"ऐकलंय."

"तुझ्या कोंब्यासाठी ऱ्हवलंय."

मथुरेने यावर विचार केला.

"कोंबो वाचवा म्हटललंय," ती म्हणाली. "तुमी ऱ्हवा असा म्हटललंय नाय."

"मगे आता?"

"आता काय. कप्तान पाटार बसलो हा. तेका उठवूक माझ्याच्यान होवचा नाय."

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग फळीवरून काहीतरी ओढून काढल्याचा, आणि मग तिने हाक मारली. गुरुदास आत गेला. त्याच्या पाटावर कप्तान होता. पाटाच्या शेजारी, भिंतीला लागून, मथुरेने पोळ्या लाटायचं पोळपाट घालून ठेवलं होतं, आणि त्याच्यासमोर ताट वाढलेलं होतं.

पोळपाट गोल होतं आणि डुलत होतं. गुरुदास बोटीवरचा माणूस. त्याला सवय होती. तो बसला.